तुमचे प्रश्न : ६०० ग्रॅमच्या बाळाची आर्टेरियल लाइन, तिच्यातलं पाणी आणि कातडीवरचं औषध

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्रच घेतेय. काही आईबाबांची आहेत, काही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ड्युटी करणाऱ्या सिस्टरांची, एक रेसिडेंट डॉक्टरचं. नावं मुद्दाम गाळली आहेत. एकच विनंती, इथलं वाचून बाळाच्या ट्रीटमेंटमध्ये परस्पर काही बदलायला सांगू नका, बाळाजवळ जे डॉक्टर उभे आहेत त्यांना सगळं दिसतंय, मला फक्त तुमचं पत्र दिसतंय. पण प्रश्न मात्र बिनधास्त विचारा त्यांना.

प्रश्न : आमचं बाळ २५ आठवड्यांतच जन्मलं, वजन ६०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी रक्तातलं सोडियम १५३ आलं, म्हणजे जास्त. डॉक्टर म्हणाले लाइनचं सलाइन बदललंय, नॉर्मलच्या जागी हाफ नॉर्मल, म्हणजे निम्म्या मिठाचं, लावलंय. आधी तर सांगितलं होतं की बाळाला सध्या मीठ देतच नाही. मग आलं कुठून? काही चूक झाली का? — एक बाबा

उत्तर : बाबा, तुम्ही बरोब्बर जागेवर बोट ठेवलंय. आधी लाइन काय असते ते सांगते. बाळाच्या नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. त्यातल्या एका धमनीतून अगदी बारीक नळी आत सरकवत महाधमनीत नेऊन ठेवतात, टोक छातीच्या सहाव्या ते नवव्या मणक्याच्या पातळीला येईल असं. हीच आर्टेरियल लाइन, नाळेच्या धमनीतली म्हणून हिला यूएसी (अंबिलिकल आर्टरी कॅथेटर) म्हणतात. हिच्यामुळे बीपी सतत स्क्रीनवर दिसतं आणि ब्लड गॅससाठी (रक्तातला ऑक्सिजन आणि अ‍ॅसिड तपासायला) दर वेळी टाचेला टोचावं लागत नाही. पण नळी इतकी बारीक की आतलं पाणी हलायचं थांबलं की रक्त मागे येऊन गोठतं आणि लाइन गेली. म्हणून सिरिंज पंपावर तासाला साधारण अर्धा ते एक मिली पाणी चोवीस तास चालू ठेवावं लागतं, त्यात चिमूटभर हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध.

आता याला सगळीकडे "लाइन चालू ठेवायचं पाणी" म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण असं म्हटलं की ते औषध वाटत नाही, फ्लुइडसुद्धा वाटत नाही, चार्टच्या एका कोपऱ्यात पडून राहतं. हिशोब करून बघा. नॉर्मल सलाइनच्या एका लिटरमध्ये १५४ मिलिइक्विव्हॅलंट (सोडियम मोजायचं माप) सोडियम असतं. तासाला एक मिली म्हणजे दिवसाला २४ मिली, म्हणजे ३.७ मिलिइक्विव्हॅलंट. मोठ्या माणसाला हे काहीच नाही, पण तुमचं बाळ ६०० ग्रॅमचं, किलोमागे काढलं तर हे सहाच्या वर जातं! अशा बाळाला पहिले एक-दोन दिवस सोडियम जवळपास नकोच असतं, आणि नंतर लघवी नीट सुटली की किलोमागे रोज ३ ते ५ पुरतं. म्हणजे मुख्य सलाइनमध्ये मीठ घातलेलं नव्हतं हे खरंच होतं, पण बाळाला मीठ जात होतं हेही तितकंच खरं. शिवाय प्रत्येक सॅम्पलनंतर लाइन धुवायला जे अर्धा मिली नॉर्मल सलाइन ढकलतात ते वेगळंच, दिवसात आठ वेळा झालं तर किलोमागे आणखी एक.

पाण्याचंही तेच. २४ मिली म्हणजे या बाळाला किलोमागे ४० मिली. पहिल्या दिवशीचं टोटल फ्लुइडच किलोमागे ८० ते १०० असतं, त्यातलं ४० लाइननेच खाल्लं तर साखर कशातून द्यायची, प्रोटीन कशातून द्यायचं? त्यामुळे लाइनचं पाणी टोटलमधून वजा करायचंच करायचं आणि रेट शक्य तेवढा खाली ठेवायचा. हाफ नॉर्मल अर्ध्या मिलीने चालवलं तर सोडियम किलोमागे दीडवर येतं, चौपट फरक. काही ठिकाणी क्लोराइडऐवजी सोडियम अ‍ॅसिटेट वापरतात, कारण जास्तीच्या क्लोराइडने रक्तातलं अ‍ॅसिड वाढतं आणि मग त्या अ‍ॅसिडोसिसचं कारण भलतीकडेच शोधत बसतात.

चूक झाली का, याचं सरळ उत्तर असं की १५३ एकट्या लाइनमुळे आलं असं मी म्हणणार नाही. २५ आठवड्यांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की अंगातलं पाणी तिच्यातून उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत सोडियम चढण्याचं मोठं कारण तेच. इन्क्युबेटरमध्ये दमटपणा ठेवतात तो त्यासाठीच. पण वरून लाइनचं मीठ पडलं की भर पडते, आणि सोडियम असं वरखाली होणं मेंदूला चांगलं नाही. सलाइन बदललं ते योग्यच केलं. रोज राउंडला तुम्ही एवढंच विचारा, "आजच्या टोटलमध्ये लाइन आणि फ्लश (लाइन धुवायचं सलाइन) धरलेत ना?" कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

प्रश्न : मॅडम, मी एनआयसीयूत नवीन आहे. मीठ जास्त होतं म्हणताय तर आर्टेरियल लाइनला पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) का नाही लावायचं? किंवा सरळ डिस्टिल्ड वॉटर? — एक स्टाफ नर्स

उत्तर : डिस्टिल्ड वॉटर कधीच नाही. नुसतं पाणी रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुगून फुटतात. कितीही कमी रेट असला तरी नाही, कोणी सांगितलं तरी नाही.

डेक्स्ट्रोजचं जरा नीट समजून घे, कारण यात माणसं फसली आहेत, चांगली अनुभवी माणसं. पाच टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणजे आपल्या नेहमीच्या हिशोबात ५००० मिलिग्रॅम पर डेसिलिटर. समज बाळाची खरी साखर ४० आहे, म्हणजे कमीच. तू लाइनमधून अर्धा मिली रक्त काढलंस आणि नळीतलं उरलेलं डेक्स्ट्रोज त्यात फक्त पाच टक्के मिसळलं, म्हणजे अर्धा थेंब, तर रिपोर्ट येईल २८८ च्या आसपास. आता रात्री तीन वाजता २८८ बघून कोणी इन्शुलिन चालू केलं तर? ज्या बाळाला साखर द्यायला हवी होती त्याची साखर आपण अजून खाली ओढतोय, आणि दर तासाचं सॅम्पल त्याच लाइनमधून, त्यामुळे आकडा वरच दिसत राहणार.

मोठ्यांच्या आयसीयूत असंच होऊन पेशंटचे मेंदू कायमचे गेलेत. म्हणूनच ब्रिटनच्या पेशंट सेफ्टी एजन्सीने २००८ साली आर्टेरियल लाइनच्या फ्लुइडबद्दल आणि सॅम्पलिंगबद्दल इशारा काढला, आणि २०१४ मध्ये तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना दिल्या की या लाइनला सलाइनच लावा, डेक्स्ट्रोज नको. त्या मोठ्यांसाठी होत्या, पण सॅम्पलचं गणित लहान बाळालाही तेच लागू पडतं, उलट जास्तच.

नवजात बाळांमध्ये आणखी एक धोका आहे. यूएसीचं टोक खाली घसरून अकराव्या-बाराव्या मणक्याजवळ आलं तर तिथून स्वादुपिंडाकडे धमनी जाते, आणि साखरेचं पाणी थेट तिकडे पोचलं की स्वादुपिंड इन्शुलिन सोडत सुटतं, वरून कितीही ग्लुकोज द्या साखर चढत नाही. असं दिसलं तर पहिल्यांदा एक्स-रे काढून टोक बघायचं. काही युनिटमध्ये अगदी नाइलाज म्हणून यूएसीतून डेक्स्ट्रोज चालवतात हे मला माहितेय. मग साखर त्या लाइनमधून तपासायचीच नाही, टाचेतून किंवा दुसरीकडून. आणि रिपोर्ट बाळाशी जुळत नसेल तर आधी सॅम्पलवर संशय घ्यायचा, बाळाला औषध नंतर.

प्रश्न : यूएसीत हेपॅरिन किती घालायचं? आमच्याकडे प्रत्येक सीनियर वेगळा आकडा सांगतात. — एक रेसिडेंट

उत्तर : ०.२५ ते १ युनिट पर मिली, या पट्ट्यातला कुठलाही एक आकडा तुमच्या युनिटने ठरवून भिंतीवर लावा, सगळ्यांनी तोच वापरा. पाव युनिटनेही लाइन बंद पडायचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे मी कमीकडे झुकते. आकड्यावरच्या वादापेक्षा मला भीती वाटते ती मिसळण्याची. बघ, ५० मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धा युनिट पर मिली हवं तर एकूण २५ युनिट. हेपॅरिनची वायल (छोटी बाटली) १००० युनिट पर मिलीची असेल तर ०.०२५ मिली काढायचं, ते कुठल्या सिरिंजवर दिसणार? आणि वायल ५००० ची निघाली तर पाचपट. म्हणून दोन टप्प्यांत करायचं, आधी १००० वाल्यातलं १ मिली घेऊन ९ मिली सलाइनमध्ये, म्हणजे १०० पर मिली झालं, त्यातलं पाव मिली ५० च्या सिरिंजमध्ये. दोघांनी वायलवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. फार्मसीतून तयार सिरिंज मिळत असतील तर सगळ्यात उत्तम.

२००६ साली अमेरिकेत इंडियानापोलिसमधल्या एका हॉस्पिटलात १० युनिट पर मिलीच्या जागी १०,००० युनिट पर मिलीच्या वायल ट्रेमध्ये आल्या, हजारपट, आणि तीन बाळं गेली. त्या सिस्टर निष्काळजी होत्या असं मला मुळीच वाटत नाही. दिसायला सारख्या वायल, सवयीचा ट्रे, सवयीचा हात. "लाइन धुवायचंच तर आहे" असं म्हणून हात आपोआप चालतो तिथेच हे होतं.

हो, आणि पीटी-एपीटीटीचं (रक्त गोठण्याच्या तपासणीचं) सॅम्पल हेपॅरिनच्या लाइनमधून काढून रिपोर्टवर विश्वास ठेवू नकोस.

प्रश्न : फ्लशसाठी मोठी मल्टिडोस सलाइनची बाटली उघडून दिवसभर वापरली तर काय होतं? तिच्यात जंतू न वाढण्याचं औषध असतंच ना? — एक सिस्टर

उत्तर : ताई, ते औषधच नको आहे. बेंझिल अल्कोहोल असतं त्यात, ०.९ टक्के. मोठ्यांचं लिव्हर ते सहज निकालात काढतं, या बाळांचं लिव्हर काढू शकत नाही, ते साठतं, अ‍ॅसिडोसिस वाढत जातो, बाळ आचके दिल्यासारखा श्वास घ्यायला लागतं. १९८२ साली अमेरिकेत दोन हॉस्पिटलांमधून अशी १६ बाळं दगावल्याचं एफडीएकडे (तिथल्या औषध नियंत्रकांकडे) कळवलं गेलं, आणि कारण निघालं लाइन धुवायचं सलाइन. इतके दिवस लोक बाळाच्या फुफ्फुसात आणि मेंदूत कारण शोधत होते. त्यामुळे फ्लशला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, एकदाच वापरायचं छोटं अँप्यूल, एका बाळाला एक, उरलं की फेकायचं. वाया जातं म्हणून जीव कळवळतो हे मला कळतं, तरीही फेकायचं.

प्रश्न : लाइन टाकण्याआधी कातडी कशाने पुसावी? आमच्याकडे कोणी बीटाडाइन म्हणतं, कोणी क्लोरहेक्सिडीन, कोणी नुसतं स्पिरिट. मागच्या महिन्यात एका बाळाच्या पोटावर लाल चट्टा उठला, तो कशाने ते कोणी सांगेना. — दोन सिस्टर, एकाच युनिटच्या

उत्तर : या पत्राने मला माझ्या रेसिडेन्सीत नेऊन सोडलं. २४ आठवड्यांचं बाळ होतं, नाळेतून लाइन टाकायची होती, आम्ही स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन घेतलं आणि मनापासून, अगदी मनापासून भरपूर पुसलं, कारण इन्फेक्शनची भीती. ओघळ दोन्ही कुशींवरून खाली पाठीखाली गेले, चादर ओली झाली, वरून ड्रेप्स (निर्जंतुक कापडं), खालून वॉर्मरची ऊब. लाइन मिळायला तास लागला. ड्रेप्स काढून बाळ वळवलं तर पाठ आणि ढुंगण भाजल्यासारखं लालबुंद, दुसऱ्या दिवशी कातडी सालपटासारखी सुटली. पोटावर, जिथे औषध लावलं होतं, तिथे काहीच नव्हतं! जिथे साचलं तिथे भाजलं. आणि मग त्या उघड्या जागेतून पाणी उडायला लागलं, सोडियम चढलं, जंतूंना दार मिळालं, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं पुसलं नेमकं तेच घरात घेतलं आम्ही.

कातडी समजून घेतली की बाकीचं आपोआप कळतं. दिवस भरलेल्या बाळाच्या कातडीवर मृत पेशींचे १० ते २० थर असतात, तेच तिचं कवच. ३० आठवड्यांच्या आतल्या बाळाला दोन-तीन थर, २४ ला तर जेमतेम काही. जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत हे बरंच सुधारतं, पण लाइन टाकायची असते पहिल्याच तासात. त्यात वजनाच्या मानाने कातडी खूप मोठी. म्हणजे आपण वरून लावलेलं औषध वरच राहत नाही, ते आत जातं, मग ते लावलं काय आणि दिलं काय.

हे वैद्यकशास्त्राला फार महाग पडून कळलंय. हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक एकेकाळी नवजात बाळांच्या आंघोळीला सर्रास वापरायचे. १९७२ साली फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरीत चुकून ते ६ टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं आणि ३६ मुलं गेली, आणि अमेरिकेतही त्याच वर्षी त्याच्यावर बंधनं आली. कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूत त्याने पोकळ्या पडलेल्या दिसल्या होत्या.

आता तुमच्या तीन बाटल्या. नुसतं स्पिरिट लाइनसाठी सोडूनच द्या, भाजतं आणि उडून गेल्यावर मागे काही परिणाम राहत नाही. बीटाडाइनमधलं आयोडीन आत शोषलं जातं, आणि आयोडीन अचानक जास्त झालं की थायरॉइड काम थांबवतं. आपलं थायरॉइड थोड्या दिवसांत सावरतं, ३६ आठवड्यांच्या आतल्या बाळाचं सावरत नाही, काही काळ हार्मोन कमी पडतो, आणि तो तर मेंदूच्या वाढीचा हार्मोन. म्हणून वापरलंत तर काम झाल्यावर निर्जंतुक पाण्याने किंवा सलाइनने पुसून काढायचं, आणि वारंवार वापरलं असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत बघायचा. टिंक्चर आयोडीन बेंबीवर अजिबात नाही. क्लोरहेक्सिडीनचा जंतूंवरचा परिणाम जास्त वेळ टिकतो म्हणून ते आवडतं, पण अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०११ च्या गाइडलाइनमध्ये दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी त्याची शिफारस करता येत नाही असंच लिहिलं, एफडीएने २०१२ मध्ये कमी दिवसांच्या बाळांना जपून वापरा, जळजळ किंवा केमिकल बर्न होऊ शकतो अशी सूचना लेबलवर घातली, आणि २०१४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी स्पष्ट बजावलं की स्पिरिटमधलंच नाही, पाण्यातलं क्लोरहेक्सिडीनसुद्धा भाजू शकतं. म्हणजे निर्दोष बाटली कुठलीच नाही.

माझा स्वतःचा रिवाज सांगते. २८ आठवड्यांच्या आत आणि त्यातही पहिल्या आठवड्यात स्पिरिटवालं काहीच नाही, पाण्यातलं क्लोरहेक्सिडीन, तेही मोजून. वाटीत ओतायचं नाही, सिरिंजने काढून घ्यायचं म्हणजे किती लावलं ते लिहिता येतं. गॉज पिळून घ्यायचा, थेंब टपकत असेल तर तो बाळापर्यंत न्यायचाच नाही. पुसायच्या आधी दोन्ही कुशींना आणि जांघेत कोरडे गॉज लावून ठेवायचे आणि ड्रेप टाकण्याआधी ते ओले गॉज काढायचे, नाहीतर तेच पोटीस होऊन बसतात. एकदाच पुसायचं, मनाच्या समाधानासाठी तीन-तीनदा नाही. मग वाळू द्यायचं. स्पिरिटमधल्याला निदान ३० सेकंद लागतात, बीटाडाइनला दोन मिनिटं, पाण्यातल्याला जास्तच, आणि घाईत हेच सगळ्यात आधी उडतं. वाळण्यातच जंतू मरतात, ओल्यावर सुई घालून काही मिळत नाही. काम झालं की सलाइनने पुसून, बाळाला हलकेच उचलून पाठीखालची चादर हाताने चाचपायची. ओली असेल तर बदलायची. हे चाचपणं मी आजही स्वतः करते, कोणावर सोडत नाही.

लाइन असेपर्यंत बेंबीवर अँटिबायोटिक मलम लावू नका, त्याने बुरशीचं फावतं. आणि तुमच्या त्या बाळाच्या चट्ट्याबद्दल, कोणी सांगेना कारण कोणी लिहिलंच नव्हतं, हो ना? औषधाच्या चार्टवर एक ओळ वाढवा, कुठलं जंतुनाशक, किती टक्के, किती मिली, किती वाजता, पुसून काढलं का. पुढच्या वेळी चट्टा उठला तर कारण शोधायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न : मी बाळासाठी बारीक लोकरीचे मोजे विणलेत. सिस्टर घालू देत नाहीत, पांघरूणसुद्धा पायांवरून काढतात. बाळाला थंडी नाही का वाजणार? — एक आई

उत्तर : आई, तुमचा राग मला समजतो, पण सिस्टर बरोबर आहेत. नाळेच्या धमनीत नळी असली की कधीकधी पायाकडे जाणारं रक्त अडतं, आणि ते पहिल्यांदा बोटांना कळतं. बोटं निळी-जांभळी किंवा पांढरी पडतात. लगेच दिसलं तर कधी दुसरा पाय, हो दुसराच, गरम कपड्यात गुंडाळतात, म्हणजे या पायाच्या रक्तवाहिन्या आपोआप सैल होतात, आणि तरी रंग परतला नाही, किंवा पाय पांढराफटक पडला, तर वाट न बघता लाइन काढतात. मोज्यात हे दिसत नाही.

दुसरं म्हणजे नळीचे जोड. तुमच्या बाळाचं वजन तुम्ही लिहिलं नाहीत, पण ६०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम ५०-६० मिली रक्त असतं, आणि धमनीतली नळी जोडापाशी सुटली तर पांघरुणाखाली ते कोणालाही न कळता वाहून जाईल. म्हणून प्रत्येक जोड डोळ्यांना दिसला पाहिजे. थंडीचं काम इन्क्युबेटर करतोय, डोक्यावर टोपी चालते का ते विचारून बघा.

यूएसी साधारण पाच दिवसांच्या वर ठेवत नाहीत, त्याआधीच गरज संपली तर आधीच काढतात. काढतानासुद्धा शेवटचे पाच सेंटिमीटर अगदी हळू, थांबत थांबत ओढतात, म्हणजे धमनी स्वतःच आवळून बंद होते. त्यानंतर बेंबीतून रक्त येत नाही ना हे बघायला थोडा वेळ पोट उघडं ठेवतील, पण तोवर पाय मोकळे झालेले असतील. मोजे धुऊन, नीट वाळवून सिस्टरांकडे देऊन ठेवा.